आगीला व्याकरण कळत नाही

रविवार, ३ जून. सकाळ.
जगभरच्या मांत्रिकांनो! आपलं दुःख एकच. आपण वणवा पेटवतो आणि आपल्या पदरात हिशेब पडतो काडेपेटीचा!
(हे वाक्य शनिवारी वापरायचं. उभं राहून.)
कालचा अन्याय टिपून ठेवतो. वहिनी शाळेत व्याकरण शिकवते आणि शनिवारी तिच्या जेवणाच्या टेबलावर आमचा फाशांचा खेळ चालवते. गोष्ट तिची, राक्षस तिचे, निवाडाही तिचाच; आम्ही तिघं त्या गोष्टीतली पात्रं. दादा योद्धा. शेजारची दातांची डॉक्टरीण चोर. मी मांत्रिक, नाव अग्निमुख, तीन वर्षं पोटच्या पोरासारखा वाढवलेला.
काल धान्याच्या कोठारात उंदरांची झुंड अंगावर आली. मी अग्निगोळा टाकला. वीस फुटांत जे असेल ते भाजून काढणारा. फासे पडले अठ्ठावीस! वहिनी म्हणाली, झुंडीच्या जिवाचे अठ्ठावीस पॉइंट कमी. मी म्हटलं, झुंडीचे नाही, प्रत्येक उंदराचे! तर म्हणे, भाऊजी, झुंड ‘आली’, ‘आल्या’ नाही. समूहवाचक नाम, एकवचन. सगळी मिळून एकच प्राणी धरायची.
आगीला व्याकरण कळत नाही, असं मी ठणकावलं. दादा म्हणाला, तुला कळायला काय हरकत आहे?
मग झुंड मलाच चावली. अग्निमुखाचे अकरा पॉइंट उरलेत. शून्य झाले की तो कायमचा गेला. वहिनीला पेपर तपासायचे होते, म्हणून खेळ तिथेच थांबला. मी घाबरलेलो नाही.

बुधवार, ६ जून.
क्रांत्यांचे इतिहास पुन्हा चाळले. उंदरांचा उल्लेख कुठेही नाही. इतिहासकारांचा कोतेपणा.
संकल्प: भाषण पाच मिनिटांत आटोपायचं.

गुरुवार.
पाच मिनिटं प्रस्तावनेलाच लागतात. संकल्प प्रस्तावनेपुरताच होता.

रविवार, १० जून.
विजय!
चाळीस मिनिटं बोललो. डॉक्टरीणबाई मध्येच म्हणाल्या, समोरच्याला तोंड मिटा म्हणणं माझ्या धंद्यात बसत नाही, पण आज फार वाटतंय हो. भारावल्या होत्या. वहिनी हनुवटी हातावर टेकून शेवटपर्यंत ऐकत होती. मग म्हणाली, बरं भाऊजी, झुंड म्हणजे अनेक. सगळ्यांना मान्य? तिघांचेही हात वर! दादाने तर दोन्ही केले, आणि म्हणाला, आता बस बाबा खाली.
वहिनी म्हणाली, मग आज इथेच थांबू, मला नव्याने तयारी करावी लागेल. चेहऱ्यावर पराभव स्पष्ट. हसत होती, पण हरलेली माणसं हसतातच.
अग्निमुख वाचला.

शनिवार, १६ जून. घरी आल्यावर.
वहिनीने टेबलावर बरणीभर बटणं ओतली. प्रत्येक बटण एक उंदीर. अनेक आहेत, म्हणून प्रत्येकाची चाल वेगळी, चावा वेगळा. आणि वेगवेगळे आहेत, तर त्यांनी एकत्र का राहावं? पसरले. मिठाच्या बाटलीपासून खिडकीपर्यंत. माझ्या वीस फुटांत सापडले सात.
बाकीचे चावले. एकेकाचा चावा एकच पॉइंट, अगदी क्षुल्लक. पण बारा जण चावले.
अग्निमुख गेला.
डॉक्टरीणबाईंनी विचारलं, फार दुखलं का हो? दादा म्हणाला, अनेक होते रे, तूच म्हणाला होतास.
माझा सिद्धांत बरोबरच ठरला, हे मात्र कोणी बोललं नाही.

रविवार, १७ जून. सकाळ.
वहिनीचा फोन. नवा मांत्रिक तयार होईपर्यंत रिकामे बसू नका भाऊजी, उंदरांची बाजू तुम्ही खेळा. मी मोठ्या मनाने होकार दिला.

दुपार.
आत्ता समजलं, डॉक्टरीणबाईंच्या चोराला मेलेल्या अग्निमुखाच्या झोळीत अग्निगोळे फेकणारी छडी सापडली आहे. माझीच. आणि पुढची खोली अरुंद आहे. पसरायला जागा नाही. म्हणजे प्रत्येकी अठ्ठावीस! हा कोणत्या नराधमाचा नियम? (कोणाचा, हे आता महत्त्वाचं नाही.)
वहिनीला फोन केला. नियम रद्द करा म्हटलं. ती म्हणाली, मत घेऊ. पण मेलेल्या मांत्रिकाला मत नसतं. मी म्हटलं, उंदरांना? म्हणाली, अनेक आहेत ना, मग प्रत्येकाला एक. जे बटण हात वर करेल, ते मोजीन.
बहुमत आपलंच! भाषण लगेच लिहायला घेतलं.

संध्याकाळ.
उंदीर बंधूंनो! आपल्याला एकेकटं गाठून भाजण्याचा कट शिजला आहे. पण कळप एक असतो, थवा एक असतो, झुंड एकच असते! भाषेने दिलेलं एकवचन कोणाचा बाप हिरावू शकत नाही! येत्या शनिवारी वहिनी मत विचारेल. तेव्हा फार काही करू नका. तुमच्यापैकी एकाने तरी, कृपा करून, पंजा वर करा.