हाक न मारता

१४ मार्च, दुपार

प्रिय ठमे,

तुझं कार्ड पोचलं. मजकूर दोनच ओळींचा, पण अक्षर अजून कोंबडीच्या पायाचंच आहे हे पाहून बरं वाटलं. मी ठीक आहे. गुडघा कुरकुरतो, मी त्याच्याकडे लक्ष देत नाही.

आपल्या गल्लीत सात घरांवर छप्पर चढलं. शाळेच्या एका वर्गात मी अवजारं सांभाळते. करवती, फावडी, शिड्या. लोक सकाळी नेतात, संध्याकाळी चिखलासकट परत आणतात, मग मी खेकसते. मला सगळे हेडबाई म्हणायला लागलेत. वाकडी चौकट बसली की कोणीतरी बाबांची आठवण काढून हमखास म्हणतं, "मिस्त्री असते तर!" मी हो म्हणते आणि करवतीला तेल लावत बसते. कुलूप लावून खोलीवर आले की बोलायला कोणी नाही. पत्र्याची भिंत, पलीकडच्या बाईची शिंकसुद्धा ऐकू येते. तेवढीच सोबत.

डोंगर वणव्याने अजून काळाच आहे. पायथ्याला आम्ही रोपं लावली, त्यांतली निम्मी जगली.

किती वेळ इकडचं तिकडचं लिहितेय बघ. बंबवाल्याविरुद्धच्या तुझ्या तक्रारीची गुरुवारी चौकशी आहे. त्याची नोकरी जाईल असं म्हणतात. वणवा खाली उतरत असताना बाबा आत असूनही त्याने त्यांच्या दारासमोरून बंब मागे वळवला, असं तू लिहिलंयस. वळवला, खरं आहे. दारावर खडूची फुली होती. फुली म्हणजे घर रिकामं.

ठमे, ती फुली मी मारली होती.

घरं रिकामी करायला आम्ही काही जण फिरत होतो, त्यात गल्लीची ती बाजू माझ्याकडे होती. तीनदा दार ठोकायचं, नावाने हाक मारायची, थांबायचं, मग फुली, असं आम्हाला बजावलं होतं. मी तीनदा ठोकलं. हाक मारली नाही. बाबांचा आणि माझा नऊ दिवस अबोला होता. तुला कळवलं नव्हतं, कारण ऐकून तू हसली असतीस. त्यांच्या पटाशीने मी डबा उघडला, तिची धार गेली. ते म्हणाले, "तुला हत्यार कळत नाही, माणूस काय कळणार!" मीही मग तोंड मिटलं. आधी कोण बोलणार, एवढाच प्रश्न उरला होता.

जन्म ठोकाठोकीत गेलेल्या माणसाला दार वाजलेलं कळतच नसे, हे आपल्या दोघींशिवाय कोणाला माहीत? आई ओरडायची, "दार बडवू नका गं, हाक मारा!" हाकेला मात्र आतल्या खोलीतूनसुद्धा 'ओ' यायची. मला वाटलं, शेजाऱ्यांच्या गाडीतून गेले असतील. वाटलं कसलं, वाटून घेतलं.

फुलीखाली प्रत्येकाने आपला नेमून दिलेला आकडा लिहायचा होता. माझा चार. दार जळलं, त्यामुळे तो आकडा पाहिलेला बंबवाला एकटाच. दर रविवारी तो इथे छपरं घालायला येतो. मी एकदा विचारलं, "माझं नाव सांगत का नाहीस?" शिडीवरूनच म्हणाला, "ताई, तुमचं तुम्ही बघा. मला खिळे द्या."

गुरुवारी मी जाऊन सगळं सांगणार आहे. सरकारी कागदातून तुला कळू नये म्हणून आधी हे पत्र. शुक्रवारी कोणी माझ्या हातून करवत घेईल का, कोण जाणे. त्याची भीती वाटते, पण तुझी त्याहून जास्त.

'माफ कर' असं लिहून तीनदा खोडलं. तू लगेच करशील किंवा कधीच करणार नाहीस, आणि दोन्ही मला झेपणार नाही. उत्तर आलं नाही तर मी समजून घेईन, असं आता लिहायला हवं. पण मी समजून घेणार नाही. रोज वाट बघेन.

तुझी, आणि आता दुसऱ्या कोणाचीच नसलेली,
ताई