अभ्यासापुरती सोडचिठ्ठी

॥ श्री ॥

अमरावती, श्रावण वद्य चतुर्थी, शके १८५६

तीर्थस्वरूप महादेवरावमामा यांचे सेवेशी,

गोवर्धनचा चरणी मस्तक ठेवून नमस्कार. (तीर्थरूप फक्त आईवडिलांना आणि तीर्थस्वरूप बाकीच्या वडीलमंडळींना, असे माझ्याजवळच्या पत्रलेखनाच्या पुस्तकात आहे, म्हणून तसे लिहिले, मान कमी केला असे समजू नये.) रुख्मिणीमामींनाही नमस्कार सांगावा. आपला गुडघा कसा आहे? डावा होता की उजवा हे मागच्या पत्रात स्पष्ट नव्हते, म्हणून दोन्ही विचारतो. कपिला व्याली का, व्याली असल्यास गोऱ्हा की कालवड, हेही कळवावे. इकडे आई बरी आहे. मळ्यात वांग्यांवर कीड आहे, पण ती दरसाल असते, यंदा विशेष नाही. इकडील सर्व खुशाल आहे. हे वाक्य घालण्याचा प्रघात आहे म्हणून घातले आहे, पुढचे वाचून झाल्यावर आपण ते खोडले तरी चालेल.

सौ. शकुन सध्या तेल्हाऱ्यास माहेरी आहे. (तिच्या नावामागे सौ. लिहावे की नाही हा प्रश्न जातीच्या पंचांपुढे गेला असल्याने ते मी तूर्त पेन्सिलीने लिहिले आहे.) ती परत येते की नाही, हा या पत्राचा विषय. विषय आधी सांगावा आणि मग हकीकत, असे आमचे वकीलसाहेब म्हणतात.

आपणांस ठाऊकच आहे की इंग्रजी पाचवीत गणिताने माझा घात केला आणि शाळा सुटली. त्यानंतर दोन वर्षे मी भगवंतराव वकिलांच्या कचेरीत नकला करतो. माझे अक्षर पाहून साहेब गेल्या चैत्रात म्हणाले की, तू कोर्टाचे इंग्रजी शीक, म्हणजे अर्जनवीस होशील, लायसन मिळेल, कोर्टाच्या आवारात लिंबाखाली स्वतःचे टेबल मांडशील. तेव्हापासून ते दर महिन्यास एक विषय देतात. आधी शब्द पाठ करायचे, मग त्या विषयाचा एक पुरा कागद तयार करायचा. चैत्रात बांधाचा तंटा झाला, वैशाखात कूळ आणि मालक झाले, ज्येष्ठात मृत्युपत्र झाले. (मृत्युपत्रासाठी मी आपले नाव घेतले होते आणि सर्व जमीन मामींना देऊन पांढरा बैल मला दिला होता. ते आपणांस वाचायला धाडायचे राहून गेले, हे आता बरे झाले असे वाटते.) आषाढात विवाह आणि घटस्फोट आला.

साहेबांचे दोन नियम आहेत. एक, अभ्यासाच्या कागदातही नावाची जागा कोरी सोडायची नाही आणि अमुकतमुक लिहायचे नाही, कारण कोर्ट अमुकतमुकाला ओळखत नाही. दोन, हकीकत खरी पाहिजे, कारण अभ्यासात खोटे लिहिणाऱ्याला पुढे तीच खोड लागते. आता मला पूर्ण तपशिलासह ठाऊक असलेले लग्न कोणाचे? पंजाबराव कारकून बिनलग्नाचा. साहेबांचे लग्न घ्यायला माझी छाती झाली नाही. आपले आणि मामींचे घेणार होतो, पण लग्नाचे साल मिळेना. राहिले माझे. तेव्हा पिटिशनर, म्हणजे अर्ज करणारा, गोवर्धन, वय बावीस. आणि रिस्पॉन्डन्ट, म्हणजे जिच्यावर अर्ज ती, शकुन, वय अठरा, असे लिहून मी कागद सुरू केला. त्यात मनात काही नव्हते. मन धड्यात होते.

साहेबांनी दिलेल्या कायद्याच्या पुस्तकात तीन कारणे दिली आहेत. पहिले क्रुएल्टी, म्हणजे छळ. यासाठी मी दोन दिवस विचार केला. शेवटी असे लिहिले की, रिस्पॉन्डन्टने ज्येष्ठ शुद्ध नवमीस पिटिशनरच्या चहात साखरेऐवजी मीठ घातले. मात्र दोन्ही डबे सारखे दिसतात हे पिटिशनरास मान्य आहे. दुसरे डिझर्शन, म्हणजे टाकून जाणे. त्यात लिहिले की, रिस्पॉन्डन्ट अखाडीच्या सणाला आठ दिवसांच्या बोलीने माहेरी गेली, त्यास आज एकोणीस दिवस झाले. तिसरे अॅडल्टरी. ते काय हे आपणांस पत्रातून सांगणे बरे दिसत नाही. शकुनविषयी तसे लिहिणे तर दूरच, पण रकाना कोरा सोडायचा नाही हा नियम, म्हणून मी त्यात ‘सध्या निरंक’ असे भरले. खाली तारखेसह सही केली. पंजाबराव आणि कचेरीसमोरचा पानवाला यांच्या साक्षी घेतल्या. साहेबांनी कागद पाहिला, लाल शाईची एकही खूण केली नाही. मामा, तो दिवस माझ्या आयुष्यातला फार चांगला होता.

पण धड्याच्या शेवटी छापलेले होते की, अर्जाची एक प्रत रिस्पॉन्डन्टला बजावल्यावाचून काम पुरे होत नाही. आता अर्धवट अभ्यास करणारा मी नव्हे. मी प्रत काढली आणि तेल्हाऱ्यास रजिस्टरने धाडली. सोबत, हा केवळ अभ्यास आहे, घाबरू नये, तुझ्या हकीकतीत काही चूक असल्यास कळव, अशी चिठ्ठी ठेवली होती. पाकीट चिकटवताना आठवले की बजावणीच्या प्रतीसोबत दुसरे काही घालू नये असेही पुस्तकात आहे. म्हणून चिठ्ठी काढून घेतली आणि साध्या टपालाने वेगळी धाडली. ती अजून पोचलेली नाही. टपालखात्यात मी चौकशीचा अर्ज दिला आहे.

पुढचे मला गोदाबाईंकडून कळले. (या शकुनच्या मावशी. अकोल्यास असतात, त्या दिवशी तेल्हाऱ्यास होत्या.) सासरे वामनराव मळ्यात फुलकोबी लावत होते. त्यांच्या घरी जन्मात रजिस्टर आले नव्हते. ते खुरपे हातात घेऊनच घरी आले, पोस्टमनमागे निम्मी आळी आली. कागद इंग्रजी, म्हणून शाळेच्या मास्तरांना बोलावले. मास्तरांनी ओट्यावर उभे राहून एकेक वाक्य सोडवून सांगितले. छळाशी बायका हसल्या, टाकून जाण्याशी सासूबाई रडू लागल्या, आणि निरंकाशी येऊन मास्तरांनी अर्थ केला की, ‘सद्या काई नाई, पुढचं पुढं पाहू.’ तिथे वामनराव उठले आणि हातातले खुरपे त्यांनी भिंतीला मारले. ते भिंतीत रुतून बसले असून अजून निघाले नाही, असे गोदाबाई म्हणतात.

आमच्या जातीचा रिवाज आपणांस माझ्याहून अधिक ठाऊक. नवऱ्याच्या सहीचा कागद, खाली दोन साक्षी, की झाली सोडचिठ्ठी. काडी मोडणे तेवढे उरते. माझ्या कागदावर सही होती. साक्षी होत्या. पानवाल्याची तर इतकी ठळक होती की वाचता न येणाऱ्यालाही दिसावी. उत्तमराव पंचांनी निरोप धाडला की, अकोल्यास गोदाबाईंच्या घरी बैठक आहे, जवाईबापूंनी यावे.

मी आधी साहेबांकडे गेलो. त्यांनी सर्व ऐकले, पाच मिनिटे हसले (मी घड्याळ पाहिले), मग दोन गोष्टी सांगितल्या. पहिली अशी की मी शिकलो तो घटस्फोटाचा कायदा ख्रिस्ती लोकांपुरता आहे, हिंदूंना तो लागतच नाही. मी विचारले, मग आपण मला का शिकवला? ते म्हणाले, इंग्रजी सोपे आहे म्हणून. दुसरी अशी की जातीच्या रिवाजाने मोडलेले लग्न मात्र कोर्ट मोडलेले धरते. म्हणजे कायद्याने माझा कागद फुकट आणि रिवाजाने पक्का. पुस्तकात ‘डिक्री नायसाय’ असा एक शब्द आहे. त्याचा अर्थ मोडले आहे पण अजून पुरते मोडले नाही. तो मला पाठ होत नव्हता. आता विसरत नाही.

बडनेऱ्याहून गाडीने अकोल्यास गेलो. बैठकीत पाच पंच, वामनराव, आणि आतल्या दारामागे शकुन होती. (तिच्या हिरव्या लुगड्याचा काठ दिसत होता. तो मी ओळखतो.) मी पुस्तक उघडून पहिली गोष्ट शांतपणे समजावून दिली की, हा कायदा ख्रिस्ती लोकांचा, तेव्हा कागद रद्द समजावा. मग उत्तमराव पुढे वाकले आणि हळूच विचारते झाले, ‘मंग तुमी कई बाटले, जवाईबापू?’ तो गैरसमज दूर करण्यात तासभर गेला. मला अंबादेवीची आरती म्हणायला लावली. घाबरून मी एक कडवे दोनदा म्हटले, त्यावरूनही एका पंचाने मान हलवली.

नंतर वामनराव म्हणाले, ‘सही तुमची हाय का नाई, इतलं सांगा. आमची पोरगी काय बांधावरची बोर हाय, का आला तो झोडपून गेला?’ सही माझीच होती. नाही कसे म्हणू? मी म्हटले की तिला सोडण्याची माझी इच्छा कधीच नव्हती, फक्त धडा पुरा करायचा होता. तेव्हा शकुन दारातून पुढे आली. मामा, साहेबांकडे मी मोठमोठे वकील ऐकले आहेत, पण असे मुद्द्याला मुद्दा देऊन उत्तर ऐकले नाही. ती पंचांकडे पाहून म्हणाली, ‘मीठ पडलं ते खरं हाय. पन डब्यायवर इंग्रजीत चिठ्ठ्या कोनं चिकटवल्या? यायनं. मीठ कोनतं न् साखर कोनती, वाचाले मी काय कलेक्टर हाय?’ (चिठ्ठ्या मी शब्द पाठ व्हावेत म्हणून लावल्या होत्या.) मग म्हणाली, ‘आन् एकोनीस दिवस काहून राहिली, इचारा. मी पत्र धाडलं का मन लागत नाई, न्याले या. तं जवाब काय आला? आपले पत्र, आवक नंबर सात, पोचले. विषय विचाराधीन आहे.’

यावर पंच इतके हसले की एकाचे पागोटे पडले. हे उत्तर मी खरेच दिले होते. साहेबांकडे रजा मागायची होती आणि ती मिळेपर्यंत विषय विचाराधीनच होता, पण ते तिला कसे वाटले असेल हे मला त्या ओसरीवर पहिल्यांदा कळले. मला वाटते मी त्या वेळी काही तरी बोललो असतो, पण डोळे पुसायला पुस्तक खाली ठेवावे लागले आणि तेवढ्यात पंच आत विचार करायला गेले.

पंचांचा निकाल असा. पोरगा भोळा आहे, पण कागद खोटा म्हणता येत नाही. कारण सहीचा आणि दोन साक्षींचा कागद आज खोटा ठरवला, तर मागचे तसले सगळे कागद डळमळतात. आणि खुद्द उत्तमरावांच्या दुसऱ्या बाई पहिल्या नवऱ्याच्या ज्या सोडचिठ्ठीवर त्यांच्या घरी आल्या, त्यावर तर एकच साक्ष होती. (हे त्यांनी सांगितले नाही. गोदाबाईंनी चहा देताना सांगितले.) म्हणून सोडचिठ्ठी झाली असे धरावे. मला शकुन परत हवी असेल तर रीतीप्रमाणे मागणी घालून, तिची मर्जी घेऊन, तिच्याशी पाट, म्हणजे पुन्हा लग्न, लावावा. शकुनला विचारले, जाशील का? ती म्हणाली, ‘मागनी तं येऊ द्या. मंग पाहीन.’ आणि आत गेली.

तर अशी हकीकत आहे. आपणांस केवळ माहिती असावी म्हणून कळवली. मनाला लावून घेऊ नये, गुडघ्याला तेल लावत जावे. आईला यातले अर्धेच सांगितले आहे. लहानांस आशीर्वाद, थोरांस नमस्कार, आणि मधल्यांस जे योग्य असेल ते.

आपला आज्ञाधारक भाचा,
गोवर्धन

ता. क. मागणी मुलाने स्वतः घालायची नसते, वडीलधाऱ्याने घालायची असते. बाबा हयात नाहीत. तेव्हा आपण येत्या बुधवारी तेल्हाऱ्यास पोचत आहात, असे मी वामनरावांना कळवून टाकले आहे. हे पत्र त्यासाठीच होते. वर ‘केवळ माहिती’ असे लिहिले आहे ते आपण पत्र शेवटपर्यंत वाचावे म्हणून.

ता. क. दुसरे. रीतीप्रमाणे ते विचारतील, मुलाचे हे पहिलेच लग्न का? खोटे बोलू नये. दुसरे आहे म्हणून सांगावे. मग विचारतील, आधीच्या बायकोचे काय झाले? तेव्हा गडबडून जाऊ नये. ती चहा घेऊन आपल्यासमोरच उभी असेल.

ता. क. तिसरे. बुधवार नको, सोमवारीच निघावे. एलिचपूरच्या एका संत्र्याच्या बागवाल्याने मंगळवारी शकुनला पाहायला येतो असा निरोप धाडल्याचे आत्ताच कळले. तो बिजवर आहे. (मीही आहे, पण माझी गोष्ट वेगळी.) त्याला इंग्रजीचे अक्षर येत नाही आणि तेल्हाऱ्यास हा त्याचा गुण धरतात.

ता. क. चौथे. पाकीट बंद केले होते, ते फोडून लिहितो. गोदाबाई आता इथे येऊन गेल्या. शकुनने त्यांच्याजवळ आपल्यासाठी तोंडी निरोप धाडला आहे, तो शब्दशः देतो: ‘मामाजीले सांगजा, त्या बागवाल्याची आवई मीच उठवली, यायचा पाय लवकर निघावा म्हनून. मी हो म्हनीन, पन दोन खेपा इचारल्यावर. आन् पोराले संगं आनू नका. ते बोललं का जमलेलं मोडते.’ तिचे म्हणणे मला मान्य आहे. मी तेल्हाऱ्याच्या मोटारीच्या अड्ड्यावर बसून राहीन आणि आपण आणि शकुन दोघे येईपर्यंत कोणाशी एक अक्षर बोलणार नाही, मोटारवाल्याशीसुद्धा.