लाल दिव्याचा बल्ब

चाँदचाचा,

सलाम. तुम्हाला जाऊन चाळीस दिवस झाले, काल तुमचा चाळिसावा झाला. जेवणं उरकली, पाहुणे पांगले, अन् तुमच्या नसीमनं माझ्या हातात एक गंजका बिस्किटांचा डबा ठेवला. "अब्बा सांगून गेलेत, हा मनोहरलाच द्यायचा," एवढंच म्हणाली. आज मी क्लासला सुट्टी देऊन टाकली. पोरांना वाटलं, सर आजारी पडले. आजारीच हाय म्हणा ना! तुमच्यासमोर बसून जे बोलायला हवं होतं ते आता कागदावर लिहून राहिलो. तुम्ही होता तोवर जीभ उचलली न्हाई.

माझ्या बापानं, आमच्या दादांनी, ती बीटल मोटार हैदराबादेहून आणली तेव्हा मी चड्डीत होतो. डॉक्टरची गाडी म्हणून सारी गल्ली बघायला आली, अन् सगळ्यांनी तिचं नाव कासव ठेवलं. पुढचं झाकण उघडलं तर आत रिकामी जागा, इंजन मागं! लातूरचे तीन मिस्त्री रेडिएटर शोधून थकले. मग तुम्ही आलात. मागं वाकून बघितलं, अन् हसत दादांना म्हणालात, "डॉक्टरसाब, हिला पाणी लागतच न्हाई. ही हवा खाऊन जगते." तेव्हापासून तुमची अन् दादांची दोस्ती. रविवारी दवाखाना बंद असला की दादा तुमच्या दुकानात स्टुलावर बसायचे. तुम्ही कडुलिंबाच्या काडीनं इंजनाच्या पात्यांमधली माती उकरायचात, अन् ते नुसते बघत बसायचे.

मलाही तुम्हीच शिकवलंत. पण मी गाडी आधी मामाच्या जीपवर शिकलो होतो, तिथंच घात झाला. जीपचा लाल दिवा लागला की मामा म्हणायचा, "काय न्हाई होत, बॅटरी चार्ज होईना एवढंच. चल पुढं." तुम्ही मात्र माझा कान धरून सांगितलं होतं, "मन्या, ह्या गाडीत लाल बत्ती लागली की थांबायचं. जिथं असशील तिथं! बत्ती लागली म्हणजे पट्टा तुटला, अन् पट्टा तुटला की पंखा बंद. पंखा बंद की हिला कोण हाय? पाणी तर न्हाई." दुसरा पट्टा तुम्ही पुढच्या झाकणाखाली कायम ठेवायचात, पान्यासकट. बदलायला पंधरा मिनिटं.

पंधरा मिनिटं, चाचा.

भूकंप झाला त्या दिवशी दादा उजाडायच्या आतच ॲम्ब्युलन्समधून किल्लारीकडं गेले. मागून मी कासव घेऊन निघालो, बँडेजं अन् सलाईनचे खोके भरून. खोके उतरवले तेव्हा एक माणूस आडवा आला. तुकाराम त्याचं नाव. त्याची आई दगडांखालून काढली होती, कमरेखाली काही राहिलं नव्हतं म्हणा, पण शुद्धीवर होती. ॲम्ब्युलन्स भरून गेलेली. दादांनी तिला मागच्या सीटवर आडवी घातली अन् मला म्हणाले, "लातूर गाठ. कुठं थांबू नको."

दिवा औशाच्या अलीकडं लागला. लालभडक. मी बघितला, चाचा. साफ बघितला. मागं ती माय कण्हत होती, तुकाराम तिचं डोकं मांडीवर घेऊन "चला साहेब, चला" म्हणून राहिला होता. अन् माझ्या डोक्यात मामा बोलला, बॅटरीच हाय, काय न्हाई होत. तुमचा आवाज न्हाई आला, मामाचा आला! वरून दादांनी थांबू नको म्हणलेलं. मी आणखी दाबली.

मग जळका वास आला, धाडधाड झालं, अन् इंजन जाम. बाहेर उतरलो तर मागून धूर. तुकाराम पळत शेतातल्या विहिरीवर गेला अन् घागर भरून घेऊन आला. "टाका साहेब, पाणी टाका, गाडी तापली!" मी त्याला काय सांगू? ह्या गाडीत पाणी टाकायची जागाच न्हाई, हे त्या घागर घेऊन उभ्या असलेल्या माणसाला कसं सांगायचं असतं? शेवटी त्यानं ते पाणी आईच्या तोंडाला लावलं.

ट्रक मिळायला लई वेळ गेला. दवाखान्याच्या दारातच तिनं जीव सोडला.

तुम्ही जीप घेऊन कासव ओढून आणलंत. मागचं झाकण उघडलंत, मग पुढचं. नवा पट्टा कागदात तसाच गुंडाळलेला. तुम्ही माझ्याकडं न बघता विचारलंत, "बत्ती लागली होती का रे?" मी म्हणालो, "न्हाई चाचा." वीस वर्षांचा घोडा मी, अन् पहिल्या दणक्याला खोटं बोललो.

चार दिवसांनी तुकाराम आमच्या ओट्यावर आला. रडला न्हाई, ओरडला न्हाई. "डॉक्टरसाहेब, गाडी का बंद पडली, तेवढंच सांगा," म्हणाला. मी दादांच्या पाठीमागं सरकलो. तेव्हा तुम्ही पुढं झालात अन् हात जोडलेत. "भाऊ, कसूर माझा. पट्टा जुना होता. अन् बत्तीचा बल्ब उडालेला, तो मी बघितला न्हाई. पोराला कळणार कसं?"

का, चाचा? तुम्हाला कुणी सांगितलं होतं माझं पाप अंगावर घ्यायला? मी तर मागितलंही नव्हतं!

दादा फक्त "चाँद, तू?" एवढंच म्हणाले अन् आत गेले. त्यानंतर ते तुमच्या दुकानाची पायरी कधी चढले न्हाईत. बाकीच्या डॉक्टरांनी गाड्या काढून घेतल्या. चाँद मिस्त्रीच्या हातची गाडी ऐन वेळी दगा देते, हे मी माझ्या कानांनी बसस्टँडवर ऐकलं अन् मान खाली घालून चहा पिऊन आलो. दादा गेले त्या दिवशी तुम्ही तिरडीला खांदा द्यायला आलात, तेव्हा माझ्या काकानं तुम्हाला मागं सारलं. मी बघत उभा होतो.

अन् मी झालो फिजिक्सचा सर! बारावीच्या निकालांनी लातूरचं नाव झालं, गावोगावची पोरं ट्रंका घेऊन उतरू लागली, माझ्या बॅचेस ओसंडून गेल्या. दरसाल उष्णतेचा धडा आला की मी फळ्यावर हवेवर थंड होणारं इंजन काढतो. पंखा बंद पडला तर काय होईल, असं विचारतो. पोरं एका सुरात उत्तर देतात, अन् मी "शाब्बास" म्हणतो. लाज कशी वाटली न्हाई मला?

घराच्या जागी पोरांचं हॉस्टेल बांधायला काढलं तेव्हा मी तुम्हाला म्हणालो, कासव भंगारात द्या. तुम्ही म्हणालात, "नक्को. माझ्याकडं उभी राहू दे." स्वतः तेव्हा दुसऱ्यांच्या स्कूटी दुरुस्त करून राहिला होतात, अन् शेडमधली अर्धी जागा माझ्या मेलेल्या गाडीला दिलीत. दर जुम्म्याला नमाज झाली की तिच्यापाशी बसायचात. सिलिंडर हैदराबादच्या जुन्या बाजारातून आणले, पिस्टन नांदेडच्या एका माणसाकडून. पत्रा ठोकून मूळचा मोरपंखी रंग दिलात. मला निरोप धाडायचात, "मन्या, ये की. जरा हात लाव." मी म्हणायचो, "बॅच हाय चाचा." किती वर्षं? मलाच मोजवत न्हाई. तुम्ही नुसत्या कामाला बोलवत नव्हता, हे आता कळून काय उपयोग!

शेवटचं दवाखान्यात भेटलो तेव्हा म्हणालात, "इंजन तयार हाय. सुरू तू करायची. थोडं काम तुझ्यासाठी ठेवलंय." मी हसलो. मला वाटलं, म्हातारा चेष्टा करून राहिला.

डबा उघडला मी आज. जळालेला पिस्टन होता, तुटका पट्टा होता, अन् तळाशी वर्तमानपत्रात गुंडाळलेला एक इवलासा बल्ब. कागदावर पेन्सिलीनं तुम्ही उर्दूत काहीतरी लिहिलेलं. मला वाचता येईना, नसीमला फोनवर फोटो धाडला. ती म्हणाली, "लिहिलंय, डॉक्टरसाबच्या गाडीचा बल्ब. बॅटरीला लावून बघितला. चांगला हाय." खाली तारीख होती म्हणे. भूकंपाच्या दुसऱ्या दिवसाची.

म्हणजे तुकाराम ओट्यावर यायच्या आधीच तुम्हाला ठाऊक होतं! अन् तरी माझ्या लग्नात जेवलात, माझ्या पोरीला खाऊ दिलात. एकदा तरी शिवी घालायची होती, चाचा. एक मुस्काटात ठेवून द्यायची होती. तुम्ही वाट बघत बसलात, अन् मी बॅचेस घेत बसलो.

आत्ता तुमच्या शेडमधूनच लिहून राहिलो. बल्ब बसवला. स्क्रू एकच होता, तरी दोनदा आवळला. चावी अर्धी फिरवली अन् दिवा लागला. लालभडक, तसाच. इंजन सुरू होण्याआधी तो लागतोच, हे मला माहीत हाय. चावी आणखी जरा फिरवली की विझेल, हेही माहीत हाय. पण ह्या वेळी मी थांबलो.

येत्या जुम्म्याला, नमाज सुटली की तुमच्या दुकानासमोर चहाला सारे मिस्त्री जमतात, तिथं मी उभा राहणार. काकाला हाताला धरून आणणार. तुकारामला त्याच्या गावी जाऊन घेऊन येणार, यायला तयार झाला तर. न्हाई झाला तर त्याच्या दारात उभा राहून सांगणार. त्याआधी चावी फिरवणार न्हाई, तुमची शपथ.

लई मोठं भाषण न्हाई करणार, चाचा. एवढंच सांगेन: चाँद मिस्त्रीचा दिवा चांगला होता. मी बघितला, अन् थांबलो न्हाई.

तुमचा,
मन्या