शुक्रवारची दुरुस्ती

असिऊत, २ एप्रिल १९८७

ती. फिक्रीमामांस, निहालचे कृतानेक सलाम, वि. वि.

तुमच्या दुरुस्तीच्या दुकानातला, तुम्ही गोधडीत गुंडाळून पाठवलेला ऑसिलोस्कोप अलेक्झांड्रियाहून सुखरूप पोचला. हमालाने विचारलं, आत कोणाचा म्हातारा आहे? माझ्या वर्गातल्या तेराही मुली नवरी बघायला जमाव्या तशा जमल्या. मी बटण दाबलं. पंखा फिरला, दिवा लागला, पण काचेवर हिरवी रेघ काही उमटली नाही. तुमचं नाव घेऊन एक धपाटाही घालून पाहिला, तरी ढिम्म.

हसण्यावारी नेते आहे, पण काळजी आहे. प्रात्यक्षिक परीक्षा सत्तावीस तारखेला, रमजानच्या आधी. आमचे मुख्याध्यापक म्हणाले, की तोवर चालू स्कोप नसेल तर परीक्षा नदीपलीकडे मुलांच्या शाळेत होईल. तिथे निम्म्या मुलींचे बाप त्यांना पाठवायचे नाहीत, आणि परीक्षा नाही तर प्रमाणपत्रही नाही. आता काय करू ते परतटपाली कळवा.

मामींना सलाम. लोभ आहेच, त्याला अकलेची जोड द्यावी.

आपली,
निहाल

अलेक्झांड्रिया, ७ एप्रिल

चि. निहालला अनेक आशीर्वाद, वि. वि.

चष्म्याची काडी मोडली म्हणून मी सांगतो आहे आणि तुझी मामी लिहिते आहे. पहिली गोष्ट, यंत्राला धपाटे घालायचे नाहीत, ते काही तुझा धाकटा भाऊ नव्हे. दुसरी, यंत्राचा प्लग थेट भिंतीत खुपसू नकोस. विजेच्या वाटेत दोनशे वॅटचा बल्ब घाल. तो भगभगून पेटला तर आत शॉर्ट आहे. मंद राहिला तर पुढे जा आणि वीजपुरवठ्याचे चारही मोठे कपॅसिटर बदलून टाक.

वीस वर्षांत या यंत्राचा वीजपुरवठा मला एकदाही उघडावा लागला नाही. सगळ्या अत्तारीन बाजाराला विचार, फिक्रीचं यंत्र कधी बसलं का म्हणून. तुझ्याकडे आलं आणि बसलं, यातून काय ते समज.

मुलींना आशीर्वाद. माया कमी होऊ देऊ नकोस.

तुझा,
फिक्रीमामा

ता. क. हे माझं. त्यांना वाटतंय, मी तुला खारवलेल्या माशांबद्दल लिहिते आहे. काडी शाबूत आहे, डोळ्यांत मोतीबिंदू आहे, कबूल करत नाहीत. कपॅसिटर बदलण्याआधी उणे दीडशे व्होल्ट मोज. बाकीचे सगळे व्होल्ट त्याच्याच खांद्यावर उभे असतात. एक हात खिशात ठेव, म्हणजे झटका बसलाच तर छातीतून जाणार नाही. आत डाव्या बाजूला चांदी घातलेल्या सोल्डरचं रीळ आहे, तेच वापर, बाजारचं लावलंस तर भाग ज्यांवर बसवलेत त्या चिनीमातीच्या पट्ट्यांवरची चांदी सोलून निघेल. – दौलत

असिऊत, १६ एप्रिल

ती. दौलतमामींस कृ. सलाम, वि. वि.

मी गाढव. बल्ब मंद राहिला म्हणून खूश झाले आणि मामांचं ऐकून आधी चारही कपॅसिटर बदलले. सहा दिवस गेले, बोटं भाजली, रेघ नाही. मग तुमचा ता. क. आठवला. मोजलं, तर उणे दीडशेच्या जागी उणे एकशे एकोणीस.

खाली शोधत गेले. पट्टीवर एक रेझिस्टर वेगळ्याच रंगाचा, आणि त्याला दोऱ्याने बांधलेला चिठोरा: 'तात्पुरतं. बरोबरचा मिळाला की बदलणे. दौ. शुक्रवार, १२ सप्टेंबर १९६९.' मामी, हे अक्षर मला पाठ आहे. पुढे आणखी सहा चिठोरे निघाले, सगळे शुक्रवारचे. रीळ अर्धं संपलेलं. ज्या यंत्राला वीस वर्षांत कोणी हात लावला नाही, त्याचं सोल्डर प्यायलं कोण? शुक्रवारी दुपारी मामा कॉफीखान्यात सोंगट्यांचा तावला खेळायला जात, हे मला आठवतं. दुकान बंद असे. म्हणजे आम्ही समजत होतो बंद आहे.

रेझिस्टर बदलला आणि रेघ उमटली. मुलींनी लग्नातल्यासारखी ललकारी दिली, मुख्याध्यापक धावत आले. पण चाळीस मिनिटं झाली की रेघ खाली घसरते आणि नाहीशी होते. परीक्षा तीन तासांची आहे. मुख्याध्यापकांनी पलीकडच्या शाळेला पत्र लिहून खिशात ठेवलं आहे. मामी, आता मला तुमच्याशिवाय कोणी नाही.

लोभ दाखवायची हीच वेळ.

तुमची,
निहाल

अलेक्झांड्रिया, १९ एप्रिल

चि. निहालला आशीर्वाद, वि. वि.

घाईत लिहिते. तापल्यावर बिघडणारं दुखणं कागदावरून सांगता येत नाही, एकेका भागावर गार फुंकर घालत शोधावं लागतं. मी आले असते. पण कोणत्या तोंडाने निघू? आपलं यंत्र कधी बसलं नाही, एवढीच एक मिजास त्यांच्यापाशी उरली आहे. डोळे गेले, दुकान गेलं, तेवढी असू दे. तुझं पत्र वाचून दाखवताना मी चिठोऱ्यांचं सगळं गाळलं. तूही पुन्हा लिहू नकोस. मुलींचं फार वाईट वाटतं ग.

माया असू दे.

दौलतमामी

अलेक्झांड्रिया, २३ एप्रिल

चि. निहालला अनेक आशीर्वाद, वि. वि.

हे माझं स्वतःचं अक्षर. ओळी एकमेकींवर चढल्या असतील, सांभाळून घे. पाकीट चिकटवून मामीच्याच हाती देतो आहे. यंत्राने माझी अब्रू घालवू नये म्हणून जाऊन बघ, असं म्हणून तिला गाडीत बसवतो आहे. तिने एकदाही का म्हणून विचारलं नाही, पिशवीत आधी पक्कड टाकली.

तुझं दोन पानांचं पत्र तिने अर्ध्या मिनिटात वाचून संपवलं. मी आंधळा होत चाललोय, बहिरा नाही. ती मासे आणायला गेली तेव्हा खालच्या गिर्गिस न्हाव्याकडून पुन्हा वाचून घेतलं. तसं मला नवं काहीच कळलं नाही. माझे सोल्डरचे टाके हरभऱ्याएवढे, तिचे मसुरीएवढे. डोळे आत्ता गेले, तेव्हा होते. एकोणसत्तरच्या त्या शुक्रवारी पैशांचं पाकीट विसरलं म्हणून परतलो, तर दाराच्या फटीतून ती दिसली, यंत्र उघडून बसलेली, गुणगुणत. तशी ती घरात कधी गुणगुणली नाही. मी पाऊल न वाजवता मागे फिरलो.

मला तावला आवडत नाही, निहाल. कधीच आवडला नाही. अठरा वर्षं दर शुक्रवारी हरत बसलो, ते तिला दुकान मिळावं म्हणून. पण बाजारात मिजास माझ्या नावाने मारली, ती माझी चूक. ते मला तिला तोंडावर सांगायला जमलं नाही. ती परतली की डोळ्यांचं ऑपरेशनही करून घेतो.

मुलींना सांग, परीक्षेला बसवणारी ही आमची दौलत. तिला नव्या चिठोऱ्यावर पूर्ण नाव लिहायला लाव, आणि 'तात्पुरतं' लिहू देऊ नकोस.

माया आहे, ती आता उघड असावी. हे पत्र तू तिला मोठ्याने वाचून दाखव. एकही ओळ गाळू नकोस.

तुझा,
फिक्रीमामा