शंभर पानांची पंगत

बेळगाव,
१८ एप्रिल २०२५

चि. आप्पाण्णास, क्षमाआक्काचे अ. उ. आ.

गुडघा अजून जिना चढू देत नाही, बाकी खुशाल. फोन करत नाही, कारण तू वखारीत फोन टेबलावर ठेवून बोलतोस आणि निम्मी निपाणी ऐकते. ही गोष्ट सन्मतीच्या कानावर जायला नको.

ब्राह्मीला संख्याशास्त्राच्या पुढच्या शिक्षणासाठी बेंगळूरला प्रवेश मिळालाय. मेच्या मध्यापर्यंत हजर व्हायचंय, आणि तिच्या बापानं, आपल्या धाकट्या सन्मतीनं, पाय रोवलेत. म्हणतो, एम.एस्सी. झाली तेवढी बास, जगाची डोकी मोजून कुणाचं पोट भरलंय? पोरगी सांगत होती, आठशे कोटींची शंभर माणसं करायची, मग जग समजतं. त्यावर तो म्हणाला, आधी घरातली चार समजून घे.

ती माझ्याकडे राहून शिकली, तिचं उतरलेलं तोंड मला बघवत नाही. सन्मती तुझं ऐकतो. काहीतरी कर.

माया आहे तशीच ठेव. ती गुडघ्यासारखी आखडू देऊ नको.

तुझी
क्षमाआक्का


निपाणी,
२२ एप्रिल २०२५

ती. क्षमाआक्कास, सा. न. वि. वि.

सन्मती माझं ऐकतो हा तुझा जुना गैरसमज. तो पानावर बसल्याशिवाय कुणाचं ऐकत नाही. तेव्हा पानावरच बसवू.

मी तंबाखूची पोती पाठीवर वाहून शिकलेला माणूस. टन म्हटलं की मला काही कळायचं नाही, पोतं म्हटलं की पाठीला लगेच कळायचं. ब्राह्मी तेच म्हणते की. तिला फोन केला (कानाला लावून). म्हणाली, जग शंभर माणसांचं धरलं तर साठेक आपल्या आशियातली, एकोणीसेक आफ्रिकेतली, उरलेल्या एकवीसजणांत बाकी सगळी दुनिया. मी विचारलं, मराठी बोलणारे किती? म्हणाली, एक. आणि कन्नड? अर्धा. आक्का, मी लई हसलो. एवढी वर्षं आपल्या सीमाभागात जे चाललंय, ते ह्या दीड माणसाचं भांडण व्हय?

मग तिनं दुनियेतली मालमत्ता कुणाकडं किती ते सांगितलं, आणि माझं हसू थांबलं.

अक्षय तृतीयेला नव्या वखारीची पूजा आहे. पानं शंभर, लाडू शंभर. वाढायचे ब्राह्मीच्या त्या मालमत्तेच्या हिशेबानं. तिला आदल्या दिवशी बसनं पाठव. सन्मतीला यातलं काही बोलू नको.

धाकट्यावर लोभ आहेच, थोरल्यावरही असू दे.

तुझा
आप्पाण्णा


निपाणी,
१ मे २०२५

ती. क्षमाआक्कास, सा. न. वि. वि.

तू हवी होतीस गं काल.

भरमू मुकादम दारात प्रत्येकाला चिठ्ठी देत होता. पहिल्या रांगेत दहा पानं, दुसरीत चाळीस, मागं पन्नास. सन्मतीची चिठ्ठी मागची निघाली. कशी निघाली ते विचारू नको. पहिल्या रांगेत माझ्याशेजारी मालुबाई आली, विड्या वळून घर चालवणारी.

लाडू आले. पुढच्या दहाजणांत शहात्तर. चाळीसजणांत बावीस. मागच्या पन्नासजणांत दोन, ते कुस्करून वाढले. माझ्या पानावर सात, मालुबाईच्या आठ, आणि सन्मतीच्या पानावर मुंगीनंही विचार करावा एवढा चुरा.

ब्राह्मीचा अंदाज असा, की पुढचे खायला लागतील, मागचे चिडतील, मग ती बोलेल. पोरगी शहरात राहून आपली पंगत विसरली. शेवटच्या पानावर वाढून झाल्याशिवाय आपल्यात पहिला हात हलतो का? सगळे मांडीवर हात ठेवून बसलेले. तिकडं दिवस कलायला लागला, म्हातारी माणसं पश्चिमेकडं बघायला लागली. मावळला की निम्म्या पंगतीला, आपल्या जैन मंडळींना, पाण्याचा घोटसुद्धा चालणार नव्हता. ब्राह्मी माझ्या कानाशी येऊन म्हणाली, काका, फसलं. मी म्हटलं, थांब. माझे कान मागच्या रांगेकडं होते.

मालुबाईनं आपल्या पानाकडं बघत मोठ्यानं विचारलं, सन्मतीअण्णा, तुमच्याकडं काय आलं? तो म्हणाला, वास. पंगत हसली, तो हसला नाही. उठून उभा राहिला, तिन्ही रांगांवरनं नजर फिरवली आणि लेकीला म्हणाला, "लाडू शंभर, माणसं शंभर. मग ह्यो वाढपी कोण हाय गं?"

ब्राह्मी म्हणाली, "तेच शोधायला जायचंय, पप्पा."

मग सन्मतीनं कमरेला पंचा बांधला, परात घेतली आणि थेट माझ्यापुढं येऊन उभा राहिला. माझे सहा गेले, मालुबाईचे सात. कुस्करलेल्या दोन लाडवांच्या जागी कोठीतनं दोन जादा आले, म्हणून चुरेवाल्यांनाही अख्खा लाडू मिळाला. एकेका पानावर एकेक ठेवत तो शेवटपर्यंत गेला, स्वतःच्या पानावर सगळ्यात शेवटी. भात-आमटी धावत आली. णमोकार म्हटला तेव्हा ऊन अजून वखारीच्या पत्र्यावर होतं.

मला साखरेमुळं एकच लाडू चालतो, तेव्हा दुनियेचं सुधारलं तर माझी तब्येतही सुधारेल.

पत्राची वाट बघतोय. रागावलीस तरी दोन ओळी लिही.

तुझा
आप्पाण्णा


बेळगाव,
५ मे २०२५

चि. आप्पाण्णास, अ. उ. आ.

तुझं पत्र शेजारणीला दोनदा वाचून दाखवलं. चिठ्ठीचं काही विचारत नाही.

काल सन्मतीचा फोन आला. पंगतीबद्दल एक शब्द नाही. बेंगळूरच्या होस्टेलात दिवस मावळायच्या आत जेवण देतात का, एवढंच विचारलं. देतात म्हटल्यावर म्हणाला, मग मीच सोडून येतो तिला. ठेवता ठेवता म्हणाला, वाढपी सापडला की पहिल्यांदा मला कळव म्हणावं.

ब्राह्मी सकाळपासून बॅग भरतेय आणि गातेय. आवाज तुझ्यावर गेलाय, पण आज चालेल.

दोघा भावांना माझे आशीर्वाद, सारखे वाटून घ्या.

तुमची
क्षमाआक्का