धर्माचा प्रश्न आहे का?

१७ एप्रिल २००६, सोमवार

अबोलीने आज शाळेत संडास धुतला!

आल्या आल्या सांगितलं, आणि तेही खुशीत. आधी ब्रश, मग फडकं, मग बादली विसळून उपडी ठेवायची. चौथीतली पोर माझी! पुण्यात आमच्याकडे संडास धुवायला बाई यायची, मागच्या दाराने. तिचा चहाचा कपसुद्धा वेगळा असायचा. आणि इथे माझ्या मुलीच्या हातात ब्रश! अख्ख्या शाळेत एकच सावळी मुलगी, आणि नेमकं हे काम तिलाच?

अनुराग ऑफिसमधून आल्यावर म्हणाला, "अगं, इथे सगळीच मुलं करतात."

तू पाहिलंस? "नाही." मग!

(इथल्या घरातला संडास मीच घासते. पुण्यात कोणाला सांगितलेलं नाही.)

१८ एप्रिल

निरोपाच्या वहीत लिहिलं. शाळेची आणि घराची बोलणी याच वहीतून चालतात, वर्गाच्या बाई, इशिदा सेन्सेई, रोज त्यात सही करतात. जपानी डिक्शनरी घेऊन दोन तास बसले आणि तीन ओळी झाल्या — अबोली परदेशी आहे म्हणून तिला हे काम दिलंय का?

उत्तर आलं — कृपया भेटायला या. खाली हसरा ससा काढलेला शिक्का. ससा कशाला?

२३ एप्रिल, रविवार

सासूबाईंचा फोन. अनुरागने गंमत म्हणून सांगून टाकलं. झालं! "हे शिकायला नेलीय होय पोरीला जपानला? आपल्या घरात कोणी हात लावला होता?" फोन ठेवल्यावर रडले. एदोगावाची इंडियन स्कूल इथून सव्वा तास लांब, नाहीतर कशाला घातली असती या शाळेत!

२६ एप्रिल

मीटिंग झाली. मुख्याध्यापक, इशिदा सेन्सेई आणि शहराच्या शिक्षण मंडळातून आलेली मात्सुदा-सान. परदेशी मुलांना शाळेत सामावून घेणं हेच तिचं काम. तिघंही उठून वाकले. मीही वाकले, किती वेळ ते कळेना.

मग त्यांनी तक्ता दाखवला. वर्गाचे सहा गट. दर आठवड्याला काम बदलतं — जिना, वर्ग, अंगण, आणि संडासाला एका वेळी दोन गट. सगळ्यांची नावं होती. मागच्या आठवड्यात अबोलीबरोबर तिच्याच गटातली युईही होती, डॉक्टरांची मुलगी ती! म्हणजे अनुरागचंच खरं. कान गरम झाले माझे. एवढं भांडायला आलेली बाई, आता काय म्हणू?

तेवढ्यात मात्सुदा-सानने पेन उघडलं आणि हळू इंग्रजीत विचारलं — हा धर्माचा प्रश्न आहे का?

मी म्हटलं, हो.

सुटले! तिघांनीही सुस्कारा सोडला. आम्हाला ठाऊक नव्हतं, माफ करा, असं तीनदा म्हणाले. उद्यापासून अबोलीला त्या कामातून सूट. मात्सुदा-सानने सगळं लिहून घेतलं.

जिंकले म्हणायचं. मग बरं का वाटत नाहीये?

९ मे

अबोलीच्या गटाची परत संडासाची पाळी. तेवढा वेळ तिला वाचनालयात बसवतात. काय वाचलंस विचारलं, तर "बेत्सु नि." काही विशेष नाही! आईशी जपानीत बोलायला लागली की समजावं, रुसलीय.

१२ मे

पोट दुखतंय म्हणून शाळेत गेली नाही. तिसरा दिवस हा. डॉक्टर म्हणे काही नाही, पोट साफ नाही.

संध्याकाळी केस विंचरताना बोलली एकदाची. युईने विचारलं होतं, "तू का नाही करत?" भांडून नाही, नुसतंच विचारलं. "आई, मी गेले की युईला धुवावं लागतं ना? म्हणून मी शाळेत बाथरूमला जातच नाही."

सकाळी आठपासून साडेतीनपर्यंत!

हे मी केलं? मी तर तिच्यासाठीच भांडत होते ना?

२० मे, शनिवार

पालकांना शाळा पाहायला बोलावलं होतं. आज सगळ्याच गटांची मिळून मोठी सफाई होती, संडासासकट; मुद्दाम तोपर्यंत थांबले. मुख्याध्यापक बाह्या सरसावून मुलांबरोबर मोरी घासत होते. कोणाला काही वाटत नव्हतं. वाचनालयाच्या काचेतून अबोली दिसली, एकटी. पुस्तक उघडं, लक्ष दारात. लाज वाटली. अनुरागला सांगितलं, तर तो "मी म्हटलं होतं" असंसुद्धा म्हणाला नाही.

२२ मे

सांगून आले — अबोलीला परत पाळीत घ्या. इशिदा सेन्सेई गोंधळल्या. "पण धर्म?" चालतं म्हटलं. महिन्याभरात धर्म कसा बदलला असं वाटलं असणार त्यांना. मला तरी काय कळतंय! इथे सहीऐवजी शिक्का चालतो, वडिलांच्या शिक्क्याचं पत्र लागेल म्हणाल्या. देऊ.

मात्सुदा-सानला फोन केला तर ती आनंदात. परदेशी मुलांसाठीची सूचनापत्रिका छापून झाली, शहरातल्या सगळ्या शाळांना गेलीसुद्धा. त्यात लिहिलंय — भारतीय मुलांना धर्मामुळे संडास-सफाई देऊ नये. तुमच्यामुळे कळलं, धन्यवाद! मी "नाही, ते तसं नव्हतं" म्हणणार होते. कसं म्हणायचं ते सापडेपर्यंत तिने फोन ठेवला.

२५ मे

अबोली आज पळत शाळेत गेली.

६ जून

नयना नावाच्या बाईंचा फोन. नागपूरच्या. अनुरागच्या ऑफिसातून नंबर मिळाला म्हणाल्या. मुलगी याच शहरात दुसऱ्या शाळेत पाचवीत. काल तिला संडासाच्या पाळीतून काढलं, हातात छापील कागद दिला.

"ताई, माझ्या आईला शाळेत एकटीलाच संडास धुवायला लावायचे. आमच्या वस्तीतली म्हणून. इथे सगळे मिळून धुतात हे तिला सांगितलं, तेव्हा रडली होती हो ती. म्हणून तर इथे घातलं पोरीला. आणि आता आपल्या धर्मात चालत नाही म्हणे! कोणी सांगितलं असेल यांना?"

मी म्हटलं, मी.

"का?"

मी तक्त्याचं सांगितलं, सासूबाईंचं सांगितलं, जपानी येत नाही तेही सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग परत विचारलं, "पण का?"