नातीला शाळेतून कोणी आणायचं

विहीणबाई,

नाही हो, बेड्या नव्हत्या घातल्या मला. चर्चच्या स्वयंपाकघरातून फिरत फिरत बातमी तुमच्यापर्यंत पोचली म्हणजे तिला तिखटमीठ लागलेलं असणार, म्हणून खरं काय ते मीच लिहिते. आधी तुमच्या खुब्याचं सांगा. नवा बसवलाय, त्याचं जुन्या गुडघ्यांशी जमतंय का? (तुमच्याशी जमवून घेतलं म्हणजे गुणाचा म्हणायचा.) आणि विहीणबाई म्हटलं म्हणून नाक मुरडू नका. माझ्या लेकीचा, जोडीचा, नि तुमच्या कर्टिसचा संसार जजनं मोडला, पण त्या निकालात आपल्या दोघींना कोणी मोडलेलं नाही. मी शोधून पाहिलं.

तर मंगळवारी शाळा उघडली. मी नेहमीसारखी गाडी घेऊन रांगेत, काचेला हेझलच्या नावाचं कार्ड. नात दप्तर घेऊन दारात उभी. तेवढ्यात ऑफिसातली डार्लीन बाहेर आली नि म्हणते, "अर्डिसमावशी, तुम्हाला नाही नेता येणार तिला." मी म्हटलं, "अगं, तुझ्या बाप्तिस्म्याला मी केक केला, तू माझ्याच अंगावर ओकलीस. आणखी काय ओळख हवी?" तर म्हणते, "ओळख आहे हो मावशी, नाव नाही." म्हणजे असं, की आता पोरीला कोणी न्यायचं ते आई नि बाप दोघांनी लिहून द्यायचं, असा कोर्टाचा हुकूम. माझ्या नावापुढं जोडीची सही आहे, कर्टिसची जागा कोरी. का, ते तो सांगत नाही.

मी गाडी बंद केली नि बसले तिथंच. मागं गाड्या थेट दाणावैरणीच्या दुकानापर्यंत. भोंगे काय, शिव्या काय! (पाद्रीबाईंचा भोंगा सगळ्यांत मोठा.) मग शेरीफचा माणूस आला. टोपी काढून म्हणाला, "मावशी, गाडी काढा. कायदा काही माझा नाही."

"मग तुझ्या बापाचा आहे का?" मी म्हटलं.

मला फार गंमत वाटत होती, विहीणबाई. मग खिडकीतून हेझल दिसली. बाकावर, पाठ आमच्याकडं करून बसलेली. ही कोणाची आजी ते मैत्रिणींना कळू नये म्हणून. मी गुपचूप गाडी काढली. जोडी चीजच्या कारखान्यातून सुटेपर्यंत पोर ऑफिसातच बसून होती. रात्री मी ओव्हनमध्ये तिच्या आवडीचं बटाट्याचं हॉटडिश केलं, तर नुसतं चिवडत बसली. मग हळूच म्हणाली, "आजी, उद्या येऊ नकोस. तुला पकडून नेतील."

आता नीट ऐका. शाळा सुटल्यावर पोरीला आणायला इथं माणूस नसेल, तर तिला त्याच्या गावच्या शाळेत घाला, असं कर्टिस जजकडं मागणार आहे. जोडीची वकीलबाई म्हणाली, जज ऐकेलसुद्धा. म्हणजे हेझल आपल्याला शनिवार-रविवारची पाहुणी. तळ्यापलीकडच्या तुमच्या घरातून तुम्हीही फक्त हात हलवा.

हेझलनं तुम्हाला पापा पाठवलाय. माझाही घ्या, चावत नाही मी.

तुमची विहीण (अजून तरी),
अर्डिस

ता. क. कर्टिसकडून सही तेवढी घ्या. तुमचं ऐकतो तो. नाही ऐकलं तर रडा, तुम्हाला छान जमतं.

ता. क. (दुसरं) सही माझ्या नावापुढं नको. तुमचं नाव घालायला सांगा, जोडीच्या सहीचं मी बघते. पोरीला तुम्ही आणत जा. कर्टिसनं जुलैत मला एकटीला गाठून माझ्या गाडी चालवण्याचं विचारलं होतं, मी त्याला घराबाहेर काढलं. तरी तो कोणाला बोलला नाही, जजलासुद्धा नाही. मला उजव्या डोळ्यानं काहीच दिसत नाही.